दुकानातलं कव्हर रजईला बसत नाही? मग ५ मीटर कापडात घरीच शिवा दुलईची खोळ

थंडी पडायला लागली की इन्स्टाग्रामवर एक रील हमखास फिरायला लागतं. एक बाई पलंगावर दुलईचं कव्हर उलटं अंथरते, वर दुलई टाकते, दोन्ही मिळून फ्रँकीसारखी गुंडाळी करते, टोकाला काहीतरी हात फिरवते आणि पुन्हा उलगडते. दुलई बरोब्बर कव्हरच्या आत. खाली कमेंटमध्ये लोक वेडे झालेले असतात.

मग कोणीतरी ऑनलाइन कव्हर मागवतं. पार्सल येतं, रील लावून गुंडाळी करून बघितली जाते आणि कळतं की कव्हर नऊ-दहा इंचांनी मोठं आहे, नाहीतर दुलई आत जातच नाहीये.

यात रीलची चूक नाही. गुंडाळीची युक्ती खरी आहे, ती चालते. गडबड आहे मापाची.

ब्रिटनमध्ये डबल बेडची दुलई म्हणजे २०० बाय २०० सेंटीमीटर आणि सिंगल म्हणजे १३५ बाय २००, हे ठरलेलं आहे. दुलई एका दुकानातून घ्या, कव्हर दुसऱ्या दुकानातून, बसणार म्हणजे बसणार. आपल्याकडे डबल रजई साधारण ९० बाय १०० इंच म्हणून विकली जाते, कुठे ९० बाय १०८, आणि गावातल्या कारागिराकडून भरून घेतलेली असेल तर त्याच्या हाताला येईल ती. ९० बाय १०० इंच म्हणजे जवळपास २२९ बाय २५४ सेंटीमीटर. लंडनला नोकरी करणाऱ्या मुलानं आईसाठी तिथून हौसेनं आणलेलं २०० बाय २००चं कव्हर या रजईला रुंदीत ११ आणि लांबीत २१ इंच कमी पडतं. ते मग वर्षानुवर्षं कपाटात पडून राहतं.

पण कव्हर हवंच कशाला?

आपल्या आज्यांना हा प्रश्न पडला नसता, कारण त्यांच्याकडे गोधडी होती. गोधडी म्हणजे जुन्या कापडाचे थर आणि त्यावर आरपार घातलेला धावदोरा. आत सुटं काही नसतंच, त्यामुळे ती नदीवर नेऊन आपटून धुतली तरी तिला काही होत नाही.

रजईचं तसं नाही. आत कापूस असतो. तो भिजला की गोळे होतात, एका कोपऱ्यात जमतात आणि उरलेल्या रजईत नुसतं कापड राहतं. भिजलेली रजई दोन माणसांना पिळता येत नाही आणि आतून वाळायला कित्येक दिवस लागतात. तोवर तिला कुबट वास धरलेला असतो. पूर्वी यावर इलाज होता. दारावर पिंजारी यायचा, रजई उसवून कापूस बाहेर काढायचा, पिंजून पुन्हा भरून द्यायचा. आता पिंजारी सहज सापडत नाही. त्यामुळे बऱ्याच घरांत रजई वर्षातून एकदा उन्हात पडते आणि तेवढ्यावरच भागतं. त्यात आता बेडरूममध्ये एसी आलाय, म्हणजे पूर्वी दोन महिने बाहेर असणारी रजई बारा महिने अंगावर असते.

इथे मामला नुसत्या स्वच्छतेचा राहत नाही. माणसाच्या अंगावरून रोज त्वचेचे बारीक कण झडतात, अंथरुणात घाम मुरतो. त्यावर धुळीतले सूक्ष्म कीटक जगतात, ज्यांना डस्ट माइट म्हणतात. आकारानं पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे. ते चावत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेमुळे ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना सकाळी उठल्या उठल्या शिंका, नाक गळणं आणि दमा असेल तर धाप, हे सगळं सुरू होतं. अंगाला लागणारं कापड दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुणं हा यावरच्या मुख्य उपायांपैकी एक आहे. रजई दर आठवड्याला धुता येत नाही. खोळ धुता येते.

युरोपात ही पद्धत थंड प्रदेशांत आधीपासून होती. 'डूव्हे' हा फ्रेंच शब्द, अर्थ पक्ष्यांची मऊ पिसं. गंमत म्हणजे इंग्रज मंडळी बराच काळ चादर आणि वर ब्लँकेटचे थर यातच अडकलेली होती. १९६४ मध्ये टेरेन्स कॉनरन यांनी लंडनमध्ये हॅबिटॅट नावाचं दुकान काढलं आणि तिथे दुलई 'दहा सेकंदांत पलंग तयार' अशा थाटात विकली. एक दुलई, तिला एक खोळ, वर वेगळी चादर नको, सकाळी घडी घालायचा व्याप नको.

आपल्याकडे 'खोळ' हा शब्द घरोघरी आहेच. उशीला अभ्रा, गादीला खोळ. रजईची खोळ ही त्यातलीच, फक्त मोठी. शिवायला ब्लाउजपेक्षा कितीतरी सोपी, कारण सगळ्या शिवणी सरळ. ना बाही, ना गळा. लोक फसतात ते शिवताना नाही, तर कापड घेताना.

दुकानात जाण्याआधीचं गणित

पहिलं काम, रजई जमिनीवर पसरा आणि मोजा. पिशवीवर छापलेलं माप विसरा. ६० बाय ९० म्हणून विकलेली रजई आरपार टाके घातल्यामुळे दोन-तीन इंच आखडलेली असू शकते. वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी रुंदी घ्या आणि सगळ्यात मोठं माप धरा.

समजा ती खरोखर ६० बाय ९० इंच भरली. आता त्यात शिलाईची माया मिळवायची. बाजूची शिवण नंतर सांगितलेल्या पद्धतीनं मारली तर प्रत्येक कडेला पाऊण इंच जातं. म्हणजे दोन्ही बाजू मिळून दीड. रुंदी झाली साडेएकसष्ट. लांबीत डोक्याकडच्या शिवणीला पाऊण इंच आणि पायाकडच्या उघड्या तोंडाच्या दुमडीला दोन इंच. म्हणजे ९३ इंच धरा. असे दोन तुकडे लागतात.

आता खरी अडचण. कापडाचा पन्हा.

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, आणि ती मागावर ठरते. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तेव्हापासून आजपर्यंत नियम तोच आहे, माग जेवढा रुंद तेवढंच कापड रुंद. दुकानात साधं सुती कापड ४४ इंच किंवा ५८-६० इंच पन्ह्याचं मिळतं. चादरीच्या कापडाचा पन्हा ९० किंवा १०८ इंचही असतो, पण ते प्रत्येक दुकानात नसतं.

६० पन्हा घेतलात तर माया वजा जाऊन तयार खोळ साडेअठ्ठावन्न इंचांची होईल. आत पॉलिस्टरची मऊ दुलई असेल तर हरकत नाही, उलट थोडी घट्ट खोळ दुलई फुगलेली दाखवते. पण दाबून भरलेला कापूस असेल तर तो आकसत नाही, कडा वळतात आणि खोळीच्या शिवणीवर ताण येतो. अशा रजईला खोळ मापाची किंवा बोटभर सैलच हवी.

४४ पन्हा हातात असेल तर जोड द्यावा लागणार. इथे बहुतेक जण दोन पट्ट्या घेऊन मधोमध शिवण मारतात आणि मग ती शिवण बरोब्बर छातीवर येते. त्यापेक्षा ९३ इंचांचे तीन तुकडे घ्या. दोन तुकडे अख्खे ठेवा, एक वरच्या बाजूसाठी, एक खालच्या. तिसऱ्याच्या चार उभ्या पट्ट्या करा, प्रत्येकी साधारण पावणेअकरा इंचांची. अख्ख्या तुकड्याच्या डावी-उजवीकडे एकेक पट्टी जोडली की रुंदी पुरते, जोड कडेला जातात आणि पट्ट्या वेगळ्या रंगाच्या घेतल्या तर लोक विचारतात, "कुठून आणली?"

दुकानदार इंच विचारणार नाही, मीटर विचारेल. ६० पन्ह्यात दोन तुकडे म्हणजे १८६ इंच, ४ मीटर ७२ सेंटीमीटर. ४४ पन्ह्यात तीन तुकडे म्हणजे २७९ इंच, ७ मीटरच्या थोडं वर. पण तेवढंच मागितलंत तर फसलात. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात सहज ३ ते ५ टक्के आटतं, आणि आटतं ते मुख्यतः लांबीत. ९३ इंचांच्या तुकड्यात साडेचार इंच गेले म्हणजे दुमड, शिवण सगळं खाऊन वर रजईच आत मावेना. म्हणून ६० पन्ह्यात ५ मीटर आणि ४४ पन्ह्यात साडेसात मीटर घ्यायचं, आणि कात्री लावायच्या आधी एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री मारून घ्यायचं. ही पायरी टाळणाऱ्यांची खोळ पहिल्या धुण्यानंतर उशीच्या अभ्र्यासारखी टम्म दिसते.

डबल रजईसाठी नवं कापड घेण्यापेक्षा घरातल्या दोन जुन्या डबल चादरी जास्त कामाच्या. ९० बाय १०८ची चादर असेल तर रुंदीत माया जाऊन साडेअठ्ठ्याऐंशी इंच मिळतात आणि लांबीत आठ इंच वरकड राहतात, त्यात तोंडाची दुमड निघते. जुनी चादर जेवढी आटायची तेवढी आटून बसलेली असते, हा तिचा मोठाच गुण. मात्र मोजायची ती आताची चादर, घेतली तेव्हाची नव्हे. सिंगल चादरी या बाबतीत दगा देतात. ६० बाय ९०च्या दोन चादरींत ६० बाय ९०ची रजई बसेल असं वाटतं, पण मायेला जागाच नसते.

आणि आजीचं नऊवारी?

कपाटात जपून ठेवलेलं सुती नऊवारी नेसलं जात नाही आणि टाकवतही नाही, अशी स्थिती बऱ्याच घरांत असते. सिंगल रजईच्या खोळीसाठी ते भलतंच सोयीचं आहे.

नऊ वार म्हणजे ३२४ इंच. त्यातून ६२ इंचांचे चार तुकडे काढायचे, २४८ इंच गेले. लुगड्याचा पन्हा ४६ इंच असेल तर दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की ९१ इंच लांबी मिळते. म्हणजे लुगड्याची रुंदी इथे खोळीची लांबी होते आणि काठाचा पट्टा रजईवर आडवा, मधोमध येतो. तोंडाला दुमडायला कापड पुरत नाही, म्हणून उरलेल्या ७६ इंचांतून पाच इंच रुंद दोन पट्ट्या काढून तोंडाला आतून लावायच्या. रजईवर तो काठ फार देखणा दिसतो.

पाचवारी-सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर असते. तिच्यात असे तीनच तुकडे निघतात, म्हणून दोन साड्या लागतात. वरची बाजू एकीची, खालची दुसरीची.

कात्री लावण्याआधी कापड उजेडासमोर धरा. विरलेलं असेल तिथून उजेड आरपार दिसेल. मग दोन अंगठ्यांनी ताणून बघा. चर्र आवाज आला तर ते कापड खोळीला नको, गोधडीला द्या. एक ओला पांढरा फडका घासून रंग जातो का हेही बघून घ्या, नाहीतर पहिल्याच रात्री गादीवर नकाशा उमटेल.

आता मशीनवर

साधं विणीचं सुती कापड कात्रीनं कापण्यापेक्षा फाडलेलं बरं. कडेला बोटभर चीर द्या आणि दुकानदार फाडतो तसं एका झटक्यात फाडा. फाटतं ते धाग्याच्या सरळ रेषेत, त्यामुळे तुकडा तिरपा जात नाही. चार-पाच धुण्यांनंतर एका बाजूला पीळ बसलेल्या खोळी असतात ना, त्या तिरप्या कापलेल्या असतात.

शिवायची सुरुवात पायाकडच्या तोंडापासून. दोन्ही तुकड्यांची ती कड आधी एक इंच दुमडा, पुन्हा एक इंच दुमडा आणि टीप मारा. हे बाजू जोडण्याआधीच करायचं, नंतर मशीनखाली एवढं मोठं कापड फिरवणं म्हणजे कुस्ती.

मग उरलेल्या तीन बाजू. इथे साधी एक टीप मारून सोडलीत तर आतल्या दशा सुटतात, धुताना मशीनमध्ये त्यांची गुंतवळ होते आणि वर्षभरात शिवण उसवते. ओव्हरलॉक मशीन घरात नसतं. त्यावरचा जुना उपाय म्हणजे दुहेरी शिवण, शिंपी जिला फ्रेंच सीम म्हणतात.

तुकडे एकमेकांवर ठेवायचे ते सुलट बाजू बाहेर ठेवून. हो, बाहेर. पहिल्यांदा करणाऱ्याला इथे चुकल्यासारखं वाटतं, पण हेच बरोबर. कडेपासून पाव इंचावर तिन्ही बाजूंना टीप. बाहेर आलेल्या दशा कात्रीनं साफ करा, कोपऱ्याचं टोक थोडं छाटा. आता खोळ उलटी करा, म्हणजे सुलट बाजू आत जाईल. कडा बोटानं दाबून किंवा इस्त्रीनं बसवा आणि कडेपासून अर्ध्या इंचावर पुन्हा टीप मारा. पहिली शिवण आणि दशा दोन्ही आत कोंडल्या जातात. पाव आणि अर्धा मिळून पाऊण इंच, माया धरली होती ती हीच. सिंगल खोळीत ही शिवण सहा मीटरच्या वर जाते आणि दोनदा मारायची असते, तेव्हा बॉबीन आधीच भरून ठेवा.

पॉपलिन किंवा चादरीला १४ नंबरची सुई, मलमल असेल तर ११. कापड मागून ओढू नका, ओढलं की शिवणीला चुण्या पडतात.

खोळ अजून उलटीच आहे तोवर एक काम उरकायचं, जे दुकानातल्या अनेक कव्हरमध्ये केलेलंच नसतं. चारही कोपऱ्यांत नाडी. बारा-बारा इंचांचे नाडीचे चार तुकडे घ्या, प्रत्येकाचा मध्य कोपऱ्याच्या शिवणीवर ठेवा आणि मशीन दोन-तीनदा पुढे-मागे फिरवा. रजईच्या चारही कोपऱ्यांना त्याच नाडीची लहान लूप हातानं टाकून घ्या. पहाटे रजई खोळीत घसरून पायाशी गोळा होते आणि अंगावर नुसतं कापड राहतं, ते यानंतर होत नाही.

राहिलं तोंड. साठ इंच अख्खं उघडं ठेवायची गरज नाही. दोन्ही कोपऱ्यांपासून बारा-बारा इंच शिवून टाका, मधले ३६ इंच पुरतात. त्यात दर सहा इंचांवर एक अशी पाच बटणं येतात. काज करायचा कंटाळा असेल तर टिचबटणं लावा, किंवा नाडीच्या पाच जोड्या. चेन दिसायला छान, पण पायाला गार लागते आणि बिघडली तर अख्खी उसवावी लागते. बटण तुटलं तर एकच लावायचं असतं.

आता ते रील. खोळ उलटीच ठेवून पलंगावर पसरा, बंद बाजू उशीकडे, तोंड पायाकडे. वर रजई पसरा आणि चारही नाड्या लूपमध्ये बांधा. उशीकडून दोन्ही एकत्र घट्ट गुंडाळत पायापर्यंत या. तोंडातून हात आत घालून खोळीचं एक टोक गुंडाळीवरून उलटं फिरवा, मग दुसरं, जसं पायमोजा उलटा करतो तसं. बटणं लावा आणि गुंडाळी उशीच्या दिशेनं उलगडत न्या. पहिल्यांदा पाच-सात मिनिटं लागतील आणि मध्येच सगळं चुकलंय असं वाटेल. तिसऱ्या वेळी मिनिटभरात होतं.

धुताना रजई काढून घेतल्यावर खोळीची बटणं पुन्हा लावायला विसरू नका. उघडी राहिली की मशीनमधले सगळे पायमोजे, रुमाल आणि एखादा टी-शर्ट तिच्या पोटात जाऊन बसतात, आणि ते ओलेच्या ओले बाहेर निघतात.